कुत्रं डांबरात, मांजर सापळ्यावर अडकलं तर काय करायचं? रॉकेल न लावता अंगावरचा चिकट पदार्थ असा काढा

रस्त्याचं काम निघालं की गावाबाहेर डांबराचे पिंप येऊन पडतात. काम संपतं, मशीन निघून जातं, पण एखादा गळका पिंप तिथंच राहतो. दुपारच्या उन्हात त्यातलं डांबर पातळ होऊन सावलीच्या बाजूला पसरतं आणि तिथंच नेमकं कुत्र्याचं पिल्लू बसायला जातं. संध्याकाळपर्यंत ते जमिनीला चिकटलेलं असतं. मग कुणीतरी ओढून काढतं, कुणीतरी रॉकेलची बाटली आणतं, आणि पुढच्या दोन दिवसांत पिल्लू मरतं. लोक म्हणतात, डांबरानं मेलं. बहुतेक वेळा ते डांबरानं मेलेलं नसतं.

अंगाला चिकटलेली वस्तू क्वचितच जीव घेते. जीव जातो तो ती काढायच्या पद्धतीमुळं. घरातल्या कुत्र्या-मांजराच्या, गोठ्यातल्या वासराच्या किंवा करडाच्या अंगाला डांबर, ग्रीस, सापळ्याचा गोंद, रंग, चीक असलं काही लागलं तर काय करावं आणि काय अजिबात करू नये, याची माहिती इथं दिली आहे. लागणारं सामान सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असतं.

आधी हे वाचा: या गोष्टी लावू नका

रॉकेल, पेट्रोल, डिझेल, थिनर, टर्पेंटाईन, नेलपॉलिश काढायचं पाणी. यांनी डांबर आणि रंग निघतो हे खरं आहे. मोटारसायकलच्या मडगार्डवरचं डांबर आपण पेट्रोलच्या फडक्यानंच पुसतो. पण मडगार्डला कातडी नसते. ही द्रव्यं कातडीवर पडली की ती लाल होते, सोलते, फोड येतात. केसांखाली हे लवकर दिसत नाही. शिवाय जनावर स्वतःचं अंग चाटतं. चाटताना रॉकेल किंवा पेट्रोल तोंडात जातं, ठसका लागतो आणि त्याचा थोडासा अंश फुप्फुसात उतरतो. तेवढ्यानं न्यूमोनिया होतो. वर सांगितलेल्या पिल्लाचं असंच होतं: पहिल्या दिवशी बरं दिसतं, नंतर खोकला, धाप, खाणं बंद.

कुणी आधीच रॉकेल लावून बसलं असेल तर जनावराला उलटी करायला लावू नका. मीठपाणी पाजणं, घशात बोट घालणं असले प्रकार नकोत. वर येताना तेच रॉकेल पुन्हा फुप्फुसात जायची भीती असते. अंगावरचं रॉकेल साबण-पाण्यानं धुवा आणि डॉक्टरला गाठा.

फिनाईल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजराला लावू नका. मांजराच्या यकृताला या जातीची द्रव्यं पचवता येत नाहीत. ज्या फिनाईलनं आपण रोज फरशी पुसतो, ते अंगावरून चाटून पोटात गेलं तर मांजर दगावू शकतं. दुखतंय म्हणून माणसाची तापाची गोळी देणं तर त्याहून वाईट. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

कपडे धुण्याची पावडर, सोडा, चुलीतली राख यांनीही घासू नका. माणसाच्या तळहाताला ते चालतं, जनावराच्या पोटाकडच्या पातळ कातडीला नाही.

आणि शेवटचं म्हणजे ओढू नका. केस मुळातून निघतात, कधी कातडीही निघते. मांजराच्या पिल्लाचा पाय सापळ्यावरून हिसका देऊन काढताना हाडही मोडतं.

चिकटलंय काय, ते आधी ओळखा

उपाय वस्तूवर ठरतो. चिकटणाऱ्या सगळ्या पदार्थांचे ढोबळ तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार पाण्यात विरघळणारा. गूळ, काकवी, साखरेचा पाक, बाभळीचा डिंक, खळ, ओला फेव्हिकॉल, ओला डिस्टेंपर. याला कोमट पाणी पुरतं. गुऱ्हाळावरच्या कुत्र्याचं अंग काकवीनं माखलं तर काळजीचं कारण फक्त मुंग्या आणि माश्या. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं त्या जागेवर ठेवा, मग बोटांनी मोकळं करत धुवा. विषय संपला.

दुसरा प्रकार पाण्याला दाद न देणारा, पण तेलात सुटणारा. डांबर, ग्रीस, उंदीर पकडायच्या पुठ्ठ्याचा गोंद, शेतातल्या पिवळ्या-निळ्या सापळ्यांचा गोंद, फणसाचा चीक, झाडाची राळ, च्युइंगम. फणस कापायच्या आधी हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावतात ते याचसाठी. चीक पाण्यानं धुतला तर अजून पसरतो आणि तेलानं सुटतो, हे कोकणातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. डांबराचं गणित हेच आहे. डांबर स्वतः खनिज तेलातूनच निघतं, म्हणून ते तेलात मऊ होतं.

तिसरा प्रकार कशालाच दाद न देणारा. फेविक्विक, एम-सील, वाळलेला ऑईलपेंट. याला कात्री किंवा वेळ. केस वाढतात, वस्तू त्यांच्याबरोबर वर येते.

आणि यांच्याबाहेरचा एक चौथा प्रकार आहे. तो म्हणजे औषध मिसळलेलं चिकट द्रव्य. फवारणीच्या द्रावणात टाकायचं स्टीकर, सांडलेलं कीटकनाशक, गूळ घालून केलेलं विषारी आमिष. इथं तेल अजिबात लावायचं नाही. बरीचशी कीटकनाशकं तेलात मिसळली की कातडीतून आणखी सहज आत जातात. हातात मोजे घालून, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, साबण आणि भरपूर पाण्यानं धुवायचं आणि लगेच डॉक्टर. तोंडाला फेस, लाळ, थरथर, बुबुळ बारीक होणं, पाय लटपटणं यातलं काहीही दिसलं तर विषबाधा झाली असं धरून चालायचं. औषधाच्या डब्याच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. डॉक्टरला पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो, आणि रिकामा डबा शोधायला पुन्हा शेतात जावं लागत नाही.

एक घोळ नेहमी होतो. केस चिकट झाले, गोळा झाले, वास येतोय म्हणून लोक तेल लावायला बसतात आणि खाली निघते जखम. पावसाळ्यात तर त्यात अळ्या असतात. बाहेरून काही लागल्याचं दिसत नसेल, कुबट किंवा कुजका वास असेल, जनावर तिथं हात लावू देत नसेल तर तो चिकटपणा पू किंवा लस यांचा असू शकतो. त्यावर तेल-साबण करत बसू नका, दवाखान्यात न्या.

हात लावण्यापूर्वी

दुखावलेलं, घाबरलेलं जनावर मालकालाही चावतं. त्यात त्याची चूक नाही, पण चावा तो चावाच. म्हणून हे काम एकट्यानं करू नये. एकानं धरायचं, दुसऱ्यानं काम करायचं.

कुत्र्याच्या तोंडाला मऊ सुती पट्टी किंवा जुनी ओढणी बांधता येते. नाकाच्या मधोमध एक वेढा, गाठ हनुवटीखाली, मग दोन्ही टोकं कानामागं नेऊन तिथं बो गाठ, म्हणजे लागलं तर झटक्यात सुटते. कुत्रं उन्हानं धापत असेल, उलटी करत असेल किंवा चपट्या नाकाचं असेल तर तोंड बांधू नका. कुत्रं तोंड उघडून धापतच अंग थंड करतं, तोंड बंद केलं तर ते तापून जातं. एरवीही पाच-दहा मिनिटांच्या वर बांधून ठेवू नये.

मांजराचं तोंड बांधायच्या भानगडीत पडू नका. जाड टॉवेलात गुंडाळायचं, फक्त जिथं चिकटलंय तो भाग बाहेर ठेवायचा. गोणपाट वापरू नका, त्याचे धागे चिकटलेल्या जागेत अडकून काम वाढतं.

चावलं किंवा ओरखडलं तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. कुत्रं घरचं आहे, लहानपणापासून आहे, हे कारण सांगून टाळू नका. मिरची, चुना, हळद जखमेत भरू नका.

डांबर: गार आहे की गरम?

सगळ्यात आधी हे बघायचं. रस्त्यावर टाकताना डांबर दीडशे अंशांच्या आसपास गरम असतं. तसलं अंगावर पडलं तर ते चिकटणं नाही, भाजणं आहे. अशा वेळी तेलाचा विचारही करू नका. भाजलेल्या जागेवर किमान दहा ते वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा. बर्फ नको. डांबर घट्ट होऊन कातडीला धरून बसेल, बसू द्या. ते सोलून काढलं तर खालची भाजलेली कातडी त्याच्याबरोबर येते. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून दवाखान्यात. लहान पिल्लू असेल तर फक्त भाजलेल्या जागेवर पाणी घाला, सगळं अंग भिजवू नका, ते गारठतं.

गार डांबर असेल तर घाई नाही. पिल्लू जमिनीला चिकटलेलं असेल तर आधी त्याच्याभोवती खाण्याचं तेल ओता. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, सोयाबीनचं, खोबरेल, जे घरात असेल ते. महाग-स्वस्तानं फरक पडत नाही. बोटं तेलात बुडवून पोटाखाली सरकवत न्या, थोडं थोडं सुटत जाईल. जेवढा भाग सुटला तेवढ्याखाली लगेच फडकं किंवा जाड कागद सारा, नाहीतर ते पुन्हा चिकटतं. हात पुढे जात नसेल तर उलथनं वापरा, पण त्याची कड बोथट पाहिजे.

पिल्लू मोकळं झालं की सावलीत आणा आणि आता अंगावरच्या डांबराकडे वळा. तेल घेऊन केसांत बोटांनी मुरवा. केसाच्या टोकाकडून मुळाकडे नको, मुळाकडून टोकाकडे. दहा-पंधरा मिनिटं थांबा. जाड थर असेल तर अर्धा तास. घाई झालेली माणसं इथंच चुकतात: तेल लावलं, लगेच घासलं, निघालं नाही, आण रॉकेल. डांबर मऊ व्हायला वेळ लागतोच. मऊ झालेलं फडक्यानं पुसून घ्या, पुन्हा तेल, पुन्हा पुसा. तीन-चार खेपा होतात. अंगभर माखलेलं असेल तर एका दिवसात सगळं निघेल असं धरू नका. नाक, तोंड, डोळ्याभोवती, पाय आणि शेपटीखालची जागा आधी मोकळी करा, पाठीवरचं उद्या काढलं तरी चालतं. थंडीत थरथरणारं पिल्लू चार तास भिजवत ठेवण्यापेक्षा दोन दिवस लावलेले परवडले.

पंजे उघडून बघायचे विसरू नका. बोटांच्या मधल्या गादीत डांबर आणि खडी अडकून बसते, आणि नंतर जनावर लंगडायला लागतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही.

सापळ्याचा गोंद

उंदरासाठीचा चिकट पुठ्ठा आता प्रत्येक किराणा दुकानात मिळतो. रात्री धान्याच्या कणगीमागं लावला की सकाळी त्यावर उंदराबरोबर मांजराचं पिल्लू, पाल, चिमणी काहीही सापडतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं असे सापळे वापरू नयेत असं राज्यांना कळवलेलं आहे. तरी विक्री सुरू आहे, ती का सुरू आहे हा वेगळा विषय. शेतात पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे सापळे लावतात, त्यांचाही गोंद न वाळणारा असतो. वाऱ्यानं पडलेल्या पिवळ्या पट्टीवर मांजर लोळलं की तोच प्रकार.

मांजर अडकलं की धडपडतं आणि धडपडल्यावर आणखी चिकटतं. म्हणून पहिलं काम गोंद निकामी करायचं. पुठ्ठ्यावर जिथं जिथं उघडा गोंद दिसतो तिथं मैदा, बेसन, कणीक जे हाताला लागेल ते भुरभुरा किंवा कागदाचे तुकडे दाबून लावा. आता नवीन काही चिकटणार नाही. पीठ नाका-डोळ्यांवर उडवू नका. मांजरावर टॉवेल टाका, अंधार झाला की ते जरा शांत होतं.

मग पुठ्ठ्याचा रिकामा भाग कात्रीनं कापून बाजूला करा, म्हणजे मांजर छोट्या तुकड्यावर राहील. प्लॅस्टिकचा ट्रे असेल तर कापायच्या नादी लागू नका. जिथं केस आणि गोंद भेटतात त्या कडेवर कापसानं किंवा बोटानं तेल सोडा. पाच मिनिटं. हळूहळू बोट आत सारत एक पाय सोडवा, तो सुटला की लगेच कापडात गुंडाळा, मग दुसरा. नाक चिकटलेलं असेल तर बाकी सगळं सोडून आधी श्वास मोकळा करा. नाकात तेल जाऊ न देता, कापूस पिळून, अगदी थोडं थोडं. मिशा आणि पापण्या गोंदात असतील तर स्वतः करू नका, पुठ्ठ्यासकट खोक्यात घालून दवाखान्यात न्या.

पाखरू अडकलं असेल तर तेल वापरू नका. पिसं तेलानं भिजली की त्याला अंगात ऊब धरता येत नाही, उडताही येत नाही. उघडा गोंद पिठानं झाकून, खोक्यात ठेवून वनविभागाला कळवा. साप अडकला असेल तर हातही लावू नका. उंदरामागं आलेला साप सापळ्यावर सापडणं गावात नवीन नाही, आणि चिकटलेला नाग किंवा घोणसही चावू शकते. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, किंवा ओळखीचा सर्पमित्र बोलवा.

तेल काढणं तेवढंच महत्त्वाचं

चिकट पदार्थ सुटला म्हणून काम झालं असं नाही. अंगावर तेल राहिलं तर जनावर ते चाटणार. थोडं तेल पोटात गेल्यानं काही होत नाही, जास्त गेलं तर हगवण लागते आणि काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. तेलात विरघळलेलं डांबरही त्याबरोबर पोटात जातं. शिवाय तेलकट अंगावर माती बसून नवीनच थर होतो.

भांडी घासायचं लिक्विड, चमचाभर, कोमट पाण्यात घालून फेस करा आणि त्यानं धुवा. लहान मुलांचा शाम्पूही चालतो. भांड्याची वडी किंवा पावडर नको, लिक्विडच घ्या. पाणी किती कोमट? तान्ह्या बाळाला घालतो तेवढं. आपल्या अंगाला घेतो तसलं कढत नको. दोन-तीनदा धुतल्यावर केस हाताला बुळबुळीत लागत नाहीत, तोवर धुवायचं. साबण राहिला तर खाज सुटते, म्हणून शेवटचं पाणी जरा जास्तच घ्या. डोळ्यांत फेस जाऊ देऊ नका.

मग पुसणं. कोरड्या टॉवेलानं दाबून पाणी टिपा, रगडू नका. उन्हात, पण वारा नसेल अशा जागी बसवा. महिनाभराचं पिल्लू ओलं राहिलं तर पोत्यात घातलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा. लहान पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, आणि आंघोळीनंतर गारठून दगावणं हे न कळणारं कारण असतं.

पूर्ण निघेपर्यंत जनावर चाटणार नाही असं बघा. दवाखान्यात मिळणारी गळ्यातली टोपलीसारखी कॉलर नसेल तर पुठ्ठ्याची करता येते. जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून कुत्र्याच्या गळ्यात घालणारी माणसं आहेत, आणि ते चांगलं चालतं. फक्त कड कापसानं गुंडाळा.

कात्री लावायची असेल तर

फेविक्विकनं चिकटलेले केस, वाळलेला पेंट, निघतच नसलेला गोळा. इथं कात्रीशिवाय उपाय नाही, पण पशुवैद्यकीय दवाखान्यात टाके घालायला येणाऱ्या जखमांत घरच्या कात्रीच्या जखमा असतात. कारण असं की केस ओढून धरले की कातडीही तंबूसारखी वर येते आणि केसांबरोबर कापली जाते. मांजराची कातडी तर कागदासारखी पातळ असते.

बारीक दातांची फणी घ्या. गोळ्याच्या खाली, कातडीला टेकवून आडवी सारा. कापायचं ते फणीच्या वर. फणी आत जात नसेल तर कात्रीही जाणार नाही, तो गोळा डॉक्टरच्या मशीनसाठी सोडा.

फेविक्विक कातडीवर पडलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्यानं रोज थोडं भिजवा. चार-सहा दिवसांत कातडीचा वरचा थर झडताना ते आपोआप सुटतं. डोळ्याची पापणी चिकटली तर ओढून उघडू नका, त्याच दिवशी दवाखाना.

काही सुटे प्रकार

च्युइंगम केसांत गुंतलं तर तेलाआधी बर्फाचा खडा फडक्यात घेऊन धरा, ते कडक होतं आणि तुटून निघतं. मेणबत्तीच्या मेणालाही हेच. बिनसाखरेचं च्युइंगम कुत्र्यानं गिळलं असेल तर मात्र थांबू नका. त्यातल्या झायलिटॉल नावाच्या गोडव्यानं कुत्र्याची साखर एकदम उतरते, फिट येते.

ओला ऑईलपेंट तेल आणि साबणानं निघतो. वाळला तर कात्री. गणपतीच्या किंवा लग्नाच्या रंगकामात डबे उघडे राहतात, तिथं लक्ष ठेवा.

बिब्ब्याचं तेल चिकटलं तर मोजे घालूनच हात लावा, नाहीतर जनावराबरोबर आपल्याही हाताला फोड येतात. साबण-पाण्यानं धुवा, कातडी लाल झाली तर डॉक्टरला दाखवा. रुईचा चीक डोळ्यात गेला असेल तर स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ सोडा आणि दवाखान्यात न्या.

थंडीत मांजरं ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उबेला जाऊन बसतात. ग्रीस लागणं त्यातलं सगळ्यात किरकोळ. तेल-साबणानं ते निघतं. सकाळी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय ठेवा. आणि रेडिएटरचं कूलंट जमिनीवर सांडू देऊ नका, ते गोड लागतं म्हणून जनावरं चाटतात आणि त्यानं मूत्रपिंड निकामी होतात.

गवताची कुसळं चिकट नसली तरी लांब केसांच्या कुत्र्यात गोळा करतात. बोटांना तेल लावून एकेक काढा. कानात शिरलेलं कुसळ घरी काढायला जाऊ नका.

जळकं ऑईल हे औषध नाही

खरूज झालेल्या कुत्र्याला, कधी वासराला आणि शेळीलाही गॅरेजमधलं काळं ऑईल फासायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. किडे गुदमरून मरतात असं सांगतात. त्या ऑईलमध्ये इंजिनातल्या धातूंचा कस आणि जळालेली रसायनं असतात. जनावर ते चाटतं, कातडी भाजते, उन्हाळ्यात अंग तापतं. गाय-शेळी दुभती असेल तर प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. कुणी असं ऑईल लावलेलं जनावर दिसलं तर वर सांगितलेल्या रीतीनंच काढायचं: आधी खाण्याचं तेल, मग भांड्याचं लिक्विड, कोमट पाणी. खरजेवर चांगली औषधं सरकारी दवाखान्यात असतात. इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो, तो दुकानदाराला विचारून देऊ नका.

डॉक्टर कधी बोलवायचा

गरम डांबर पडलं, डोळा-कान-तोंडात गेलं, औषध मिसळलेलं होतं, निम्म्याहून जास्त अंग माखलं, कातडी सोलली किंवा फोड आले, तर घरी सुरुवातही करू नका. पहिले दोन अपवाद फक्त पाण्याचे: भाजल्यावर गार पाणी, औषध पडल्यावर साबण-पाणी. घरी साफ केल्यावरही पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. खोकला, धाप, सतत लाळ, उलट्या, थरथर, खाणं बंद, झिंगल्यासारखं चालणं यातलं काही दिसलं की न्यायचं.

जनावरांसाठीची मोफत हेल्पलाइन १९६२ आहे, त्यावरून फिरता दवाखाना मागवता येतो. फोनवर जनावर कोणतं, वजन अंदाजे किती, काय लागलं, किती वाजता लागलं, तुम्ही काय लावलं, एवढं आधी सांगा. रॉकेल लावलं असेल तर तेही सांगा, लपवू नका. गाडी यायला वेळ लागू शकतो. तालुक्याच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांचा नंबर मोबाईलमध्ये आधीच ठेवलेला असला तर चिकटलेल्या जागेचा आणि डब्याच्या लेबलचा फोटो पाठवून निम्मं काम होतं. जनावर नेताना खोक्यात खाली जुना कपडा घाला, वर्तमानपत्र नको, तेलकट अंगाला त्याची शाई लागते आणि कागद चिकटतो.

राहिला तो रस्त्याकडेचा गळका पिंप. ठेकेदाराला सांगून तो उचलेपर्यंत त्याच्याभोवती चार पाट्या माती किंवा कच टाकली तरी सांडलेलं डांबर झाकलं जातं. त्याला दहा मिनिटं लागतात.